नारू: माणसांतून गेला, कुत्र्यांत सापडला

(या भागात मी जे बोलले त्याचा हा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे गाळलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

कोणी जेवता जेवता ऐकत असाल तर आधीच सांगते, ताट संपवा आणि मग परत प्ले करा. आज विषय जंताचा आहे. आणि हा जंत दोन-तीन फूट लांब असतो, पायातून बाहेर येतो. मी सांगितलं होतं, नंतर मला मेसेज करू नका.

तर आजचा प्रश्न. एखादा रोग संपला असं नक्की कधी म्हणायचं? शेवटचा पेशंट बरा झाला की? एक वर्ष कोणी आजारी पडलं नाही की? दहा वर्षं?

दोन आकडे देते. 1986 साली जगात नारूचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते, आफ्रिका आणि आशिया मिळून 21 देशांत. 2024 साली होते 15. पंधरा लाख नाही, पंधरा हजार नाही, पंधरा माणसं. एका मिनीबसमध्ये मावतील. आणि ही घट औषध नसताना झाली, लस नसताना झाली. नारूवर आजही ना गोळी आहे, ना इंजेक्शन.

इथेच थांबले असते तर हा भाग पाच मिनिटांत संपला असता, टाळ्या वगैरे. पण त्याच 2024 मध्ये नारूची लागण झालेले प्राणी सापडले सहाशेपेक्षा जास्त. बहुतेक कुत्री, काही मांजरी. आणि जी मोहीम माणसांतला नारू संपवायला निघाली होती, ती आज बऱ्याच अंशी कुत्र्यांच्या मागे फिरतेय. हे कसं झालं, कोणाच्या लक्षात आलं, आणि आता पुढे काय, ते आज बघू.

माझी ओळख नवीन लोकांसाठी: मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचं काम करते. डॉक्टर नाही, व्हेटही नाही. ही गोष्ट मला आवडली कारण ती मुळात मोजण्याची गोष्ट आहे. तुम्ही काय मोजता त्यावर तुम्हाला काय दिसतं ते ठरतं. आमच्याकडे ज्या सर्व्हिसवर मॉनिटरिंग लावलेलं नाही, ती डॅशबोर्डवर कधीच लाल होत नाही. याचा अर्थ ती नीट चालू आहे असा होत नाही ना. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी नारू म्हणजे काय ते. आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द ऐकलेलाही नसेल, आणि ते चांगलंच आहे. इंग्रजीत याला गिनी वर्म म्हणतात, शास्त्रीय नाव ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक बारीक जीव असतो, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, साध्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखा दिसणारा. नारूची अळी या सायक्लॉप्सच्या पोटात राहते. माणूस तळ्याचं, विहिरीचं पाणी न गाळता प्यायला की सायक्लॉप्स पोटात जातो. पोटातल्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो, अळी मरत नाही. ती आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. काही महिन्यांनी नर-मादीचं मीलन होतं, नर मरतो, आणि मादी वाढत वाढत हळूहळू खाली सरकते, बहुतेक वेळा पायाकडे.

या सगळ्यात साधारण एक वर्ष जातं. आणि या वर्षभरात माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. मग एक दिवस घोट्याजवळ किंवा पावलावर फोड येतो. आग आग होते. माणूस काय करणार? पाय थंड पाण्यात बुडवणार. जंताला नेमकं तेच हवं असतं. पाणी लागलं की फोड फुटतो, मादीचं टोक बाहेर येतं आणि ती लाखो अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स खातो, दोनेक आठवड्यांत त्या पुढच्या लागणीसाठी तयार होतात, आणि कोणीतरी तेच पाणी पितं. चक्र पूर्ण.

उपचार काय? काडी. अक्षरशः काडी. जंताचं बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. रोज बोटभर, कधी तेवढंही नाही. घाई केली आणि तो आत तुटला तर सूज, पू, कधी धनुर्वात. पूर्ण निघायला कित्येक आठवडे लागायचे. माणूस यात सहसा मरत नाही. पण तो चालू शकत नाही, आणि नेमका शेतीच्या कामाच्या दिवसांत अंथरुणाला खिळतो. घरातला कर्ता माणूस पेरणीला किंवा कापणीला नाही, म्हणजे त्या घराचं वर्ष गेलं. मुलं शाळेऐवजी शेतात. आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, याची प्रतिकारशक्ती तयार होत नाही.

माझ्या आजोबांच्या घोट्याच्या वर एक खड्ड्यासारखा व्रण होता. मराठवाड्यातलं आमचं गाव. लहानपणी मी विचारलं तर ते म्हणायचे, 'नारू निघाला होता.' मला वाटायचं नारू म्हणजे कोणीतरी माणूस. निघाला, म्हणजे कुठेतरी गेला. खरं काय ते मला कॉलेजात असताना कळलं. पण त्यांच्या बोलण्यात कधी आश्चर्य नसायचं. सर्दी झाली होती म्हणावं तसं सांगायचे. त्या पिढीला तो इतका सवयीचा होता.

महाराष्ट्राचा या रोगाशी आणखी एक संबंध आहे. अळी सायक्लॉप्समध्ये वाढते हे रशियन शास्त्रज्ञ फेदचेन्को यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियात दाखवलं होतं. पण असा सायक्लॉप्स गिळल्याने माणसाला खरंच नारू होतो का, हे प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवलं ते 1913 च्या आसपास मुंबईच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, डी. ए. तुरखुड या डॉक्टरांनी. हीच लॅबोरेटरी पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. परळला.

भारतात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे 40 हजार रुग्ण, बारा हजारांहून जास्त गावं. महाराष्ट्र त्यात होता. आपल्याकडची मुख्य अडचण होती पायऱ्यांच्या विहिरी. बारवा दिसायला सुंदर, आज आपण तिथे जाऊन रील बनवतो, पण पाणी भरायला माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभा राहायचा. पायाला नारू असलेला माणूस त्याच पाण्यात उभा आणि बाजूला दुसरा हंडा भरतोय. एवढं पुरेसं होतं.

मग काय केलं? पायऱ्या बंद करून कठडा बांधला, म्हणजे पाणी वरूनच शेंदावं लागेल. गावोगावी हातपंप बसवले. पाणी कापडाने गाळून प्या हे सांगत कार्यकर्ते घरोघरी फिरले. विहिरीत टेमेफॉस नावाचं औषध टाकलं, ते सायक्लॉप्स मारतं. हातपंपाचा विषय निघालाच आहे तर सांगते: आज खेड्यात दिसणारा तो दणकट इंडिया मार्क 2 हातपंप, त्याची मुळं जालना आणि सोलापूरला मिशनच्या लोकांनी बनवलेल्या पंपांत आहेत. सोलापूर पंपावरूनच तो पुढे विकसित झाला. तेव्हा पुढच्या वेळी हापसा दिसला तर नमस्कार करा, त्याने बरेच पाय वाचवलेत.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर वाट पाहून, शोध घेऊन, फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. तिकीट क्लोज.

आफ्रिकेत काम चालूच होतं. तिथे 1986 पासून अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांची संस्था, कार्टर सेंटर, या मोहिमेच्या पुढे होती. 1995 मध्ये सुदानमध्ये यादवी युद्ध चालू असताना कार्टर यांनी जवळपास सहा महिन्यांची शस्त्रसंधी घडवून आणली, कशासाठी, तर आरोग्य कार्यकर्त्यांना गावात जाऊन पाणी गाळायची कापडं वाटता यावीत म्हणून. आजही तिला नारूची शस्त्रसंधी म्हणतात. एकेक देश यादीतून गळत गेला. हिशोब साधा वाटत होता: नारू माणसातून पाण्यात जातो, पाण्यातून माणसात येतो. माणसाने सहज बदलता येण्यासारख्या दोन गोष्टी बदलल्या, की संपलं. देवी रोग असाच तर संपला होता, कारण देवीचा विषाणू माणसाशिवाय दुसऱ्या कुठल्या प्राण्यात लपून राहत नव्हता.

आणि मग आलं चाड. आपल्याकडे 'चाड' म्हणजे लाज, पर्वा. हा चाड मध्य आफ्रिकेतला देश, चारी बाजूंनी जमीन, मधून शारी नावाची मोठी नदी वाहते. चाडमध्ये दहा वर्षं एकाही रुग्णाची नोंद नव्हती. दहा वर्षं! कुठल्याही निकषाने संपला म्हणावं असा काळ. आणि 2010 मध्ये अचानक दहा रुग्ण सापडले.

पहिला अंदाज असा की बाहेरून कोणीतरी आणला असेल किंवा मधल्या काळात लक्ष कमी पडलं असेल. तपास सुरू झाला, पण चित्र जुळेना. नारूचा नेहमीचा पॅटर्न असा असतो: एका गावात एक रुग्ण झाला की पुढच्या वर्षी त्याच पाणवठ्यावरच्या दहा-वीस जणांना होतो. एकच विहीर, एकच वेळ, रुग्णांचा घोळका. इथे तसं नव्हतं. या गावात एक, पन्नास किलोमीटरवर दुसऱ्या गावात एक. एकाच तळ्याचं पाणी पिणाऱ्या शेकडो लोकांत फक्त एकाला. आणि पुढच्या वर्षी त्या गावात कोणालाच नाही, तिसऱ्याच गावात कोणाला तरी. सगळी गावं मात्र शारी नदीच्या काठची.

पाणी पिऊन होत असेल तर असा पॅटर्न येणारच नाही. म्हणजे आपण समजतोय तो रस्ता नव्हताच, दुसरा कुठलातरी होता.

2012 मध्ये कार्यकर्त्यांनी लोकांना कुत्र्यांबद्दल विचारायला सुरुवात केली, आणि लोक सांगू लागले, हो, आमच्या कुत्र्याच्या पायातून असा दोरा निघतो की. लवकरच दिसलं की माणसांपेक्षा लागण झालेली कुत्री जास्त आहेत. आणि तीही त्याच नदीकाठच्या गावांत.

आता इथे एक शंका घ्यायलाच हवी, आणि शास्त्रज्ञांनीही ती घेतली. कुत्र्यातला जंत हाच नारू कशावरून? कारण नारूचे भाऊबंद इतर प्राण्यांत असतातच. उत्तर अमेरिकेत रॅकून नावाच्या प्राण्यात याच कुळातली वेगळी जात सापडते, पाणमांजरात आणखी एक वेगळी. ती माणसाच्या वाटेला जात नाहीत. चाडच्या कुत्र्यांतला जंतही तसलाच निघाला असता तर प्रश्न मिटला असता. म्हणून माणसांतून काढलेले आणि कुत्र्यांतून काढलेले जंत घेऊन त्यांचा जीनोम वाचला. उत्तर आलं: एकच जात. एवढंच नाही, तर माणसांतले जंत आणि कुत्र्यांतले जंत असे दोन वेगळे गटसुद्धा पडत नाहीत. सगळी एकाच गोतावळ्यातली. म्हणजे कुत्र्यातून निघालेली अळी उद्या माणसात जाऊ शकते.

गंमत म्हणजे, कुत्र्यांत नारू सापडतो हे शास्त्राला आधीपासून माहीत होतं. जुन्या लिखाणात तशा नोंदी आहेत. पण लाखो माणसं आजारी असताना एखाद्या कुत्र्यात जंत दिसला तर लोक काय म्हणणार? माणसाकडून चुकून गेला असेल, माणसांतला संपला की आपोआप संपेल. तो अंदाज तेव्हा वेडगळ नव्हता. पण कुत्री मोजणं कोणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. मघाशी म्हटलं ना, ज्यावर मॉनिटरिंग नाही ते लाल होत नाही.

मग प्रश्न आला, कुत्र्यांना होतो कसा? कुत्री पाणी पितात जिभेने लपलप करत. त्यात सायक्लॉप्स सहसा बाजूला पळून जातो, तोंडात फारसा येत नाही. आणि तसं असतं तर पाणी पिणाऱ्या सगळ्याच कुत्र्यांना झाला असता.

उत्तराचा रस्ता मासळीकडे गेला. शारी नदीच्या काठी मासेमारी हा मोठा धंदा. कोरड्या दिवसांत नदीच्या बाजूची डबकी आटतात, तेव्हा गावच्या गाव मिळून तिथले मासे पकडतं. मासे तिथेच साफ करतात, आतडी आणि घाण बाजूला फेकतात. आणि जिथे मासे साफ होतात तिथे कुत्री असतात, हे तुम्हाला मालवणपासून ससून डॉकपर्यंत कुठेही दिसेल. माशाने सायक्लॉप्स खाल्लेला असू शकतो, आणि ताजी आतडी कुत्र्याने खाल्ली की अळी जिवंत पोहोचली. बेडकांचं तर आणखी पुढचं. बेडकाचं पिल्लू सायक्लॉप्स खातं, अळी त्याच्या शरीरात वाढत नाही पण मरतही नाही, नुसती थांबून राहते. चाडमधल्या बेडकांत अशा अळ्या प्रत्यक्ष सापडल्या. म्हणजे बेडूक किंवा मासा हा नुसता टेम्पो आहे, माल पोहोचवणारा.

ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले, ती दिवसभर कुठे फिरतात ते पाहिलं, त्यांच्या मिशीच्या केसांवरून ती काय खातात याचाही माग काढला. जी कुत्री मासे जास्त खातात त्यांना लागण जास्त, असं त्यातून दिसलं. आणि अचानक तो विस्कटलेला पॅटर्नही समजू लागला. इथे एक, तिथे एक, कारण प्रश्न विहिरीचा नव्हता, कोणी नीट न शिजलेला मासा किंवा बेडूक खाल्ला याचा होता.

आता उपाय. कुत्र्याला 'पाणी गाळून पी' सांगता येत नाही. मग काय करायचं?

पहिलं, माशाची आतडी पुरायची. खड्डा खणून, वर माती टाकून. ऐकायला फालतू वाटतं, पण दिवसाला ढीगभर मासे साफ करणाऱ्या बाईसाठी ते रोजचं एक जास्तीचं काम आहे, ज्याचा फायदा तिला स्वतःला दिसत नाही. दुसरं, मासे पूर्ण शिजवून खायचे. तिसरं, पाण्यात टेमेफॉस. आणि चौथं, सगळ्यात अवघड: कुत्रं बांधून ठेवायचं. जंत निघालेलं कुत्रं तर बांधायचंच, तो पूर्ण बाहेर येईपर्यंत, कारण त्यालाही आग होते, तेही पाण्यात जाऊन बसतं आणि सगळं चक्र परत फिरतं. पण त्याही पुढे जाऊन अनेक गावांत निरोगी कुत्रीसुद्धा लागणीच्या हंगामात महिनोन् महिने बांधून ठेवायला सांगितलं गेलं.

जरा त्या मालकाच्या जागी जाऊन बघा. तिथलं कुत्रं सोफ्यावर झोपणारं नाही. ते गुरं राखतं, रात्री घर राखतं, आणि स्वतःचं पोट स्वतः भरतं. ते बांधलं की त्याला खायला कोण घालणार? तुमच्याच घरात धान्य मोजून असताना? आणि कोणासाठी? जगाच्या नकाशावरून एक रोग पुसला जावा म्हणून. मला हे फार मोठं मागणं वाटतं. आणि तरी हजारो घरांनी ते केलं. साखळ्या दिल्या गेल्या, लागण झालेलं कुत्रं कळवून बांधून ठेवणाऱ्याला बक्षीस ठेवलं. पण बक्षिसाने फोन येतो, रोज सकाळ-संध्याकाळ कुत्र्यापुढे ताटली ठेवायचं काम माणूसच करतो.

आता आकडे बघा, कारण इथे एक सापळा आहे. चाडमध्ये 2012 मध्ये लागण झालेली कुत्री काही डझन होती. 2016 पर्यंत हजारावर गेली. 2019 मध्ये एकोणीसशेच्या वर. ग्राफ बघितला तर वाटेल, बाप रे, मोहीम फसली. पण याच काळात शोधणारी गावं वाढत होती, बक्षीस सुरू झालं होतं, लोक कळवू लागले होते. कुठल्याही डेव्हलपरला विचारा: लॉगिंग वाढवलं की पहिल्या आठवड्यात एरर वाढतात. एरर आधीही होत्या, आता दिसायला लागल्या. त्यातली खरी वाढ किती आणि दिसण्यातली वाढ किती, हे वेगळं काढणं कठीण असतं. पण 2019 नंतर शोध तसाच चालू असताना आकडा उतरू लागला. 2022 पर्यंत चाडमध्ये तो मांजरी धरून सहाशेच्या आसपास आला आणि पुढेही कमी होत गेला. ही उतरण खरी आहे, कारण मोजणं थांबलेलं नाही.

अडचण अशी की बाकी ठिकाणी चित्र वेगळं आहे. चाडला लागून असलेल्या कॅमेरूनच्या सीमेवरच्या गावांत कुत्र्यांची संख्या वाढलीये. मालीत कुत्र्यांत आहे. अंगोलात तर 2018 मध्ये पहिल्यांदाच नोंद झाली, जिथे हा रोग आहे असं कोणी धरलंच नव्हतं. आणि इथिओपियात गॅम्बेला नावाच्या भागात तो बबून माकडांत सापडला. कुत्र्याला निदान मालक असतो. माकडाला कोण बांधणार? जंगलातल्या कुठल्या डबक्यावर कुठला कळप पाणी पितो, ते कोणी कळवायचं? तिथे माकडं पकडून, भूल देऊन तपासावी लागली आणि जंगलातल्या पाणवठ्यांपर्यंत औषध न्यावं लागलं. जंगली प्राण्यांत एखादा परजीवी पक्का बसला तर तो काढणं जवळपास अशक्य होऊन बसतं. म्हणून तिथली लागण वेळेत तोडण्यासाठी एवढी धडपड.

या सगळ्यामुळे नियमही बदलले. नारू निर्मूलनाचं लक्ष्य आधी 2020 होतं, ते 2030 वर गेलं. आणि देशाला प्रमाणपत्र हवं असेल तर आता नुसती माणसं दाखवून चालत नाही, सलग तीन वर्षं प्राण्यांमध्येही लागण नाही हे दाखवावं लागतं. जिमी कार्टर 2015 मध्ये कॅन्सरचं निदान झाल्यावर पत्रकारांशी बोलताना म्हणाले होते की शेवटचा नारू आपल्याआधी मरावा अशी आपली इच्छा आहे. ते 29 डिसेंबर 2024 ला वारले, शंभर वर्षांचे होऊन. नारू अजून आहे. थोडाच आहे, पण आहे.

मागच्या भागानंतर मी विषय जाहीर केला तेव्हा दोन प्रश्न आले होते, ते घेते.

पहिला: भारतात परत येऊ शकतो का? समजा कोणी लागण झालेला माणूस त्या देशातून इथे आला. तर त्याने नेमक्या त्या दिवसांत उघड्या साठलेल्या पाण्यात पाय घालायला हवा, त्या पाण्यात सायक्लॉप्स हवेत, आणि मग ते पाणी कोणीतरी न गाळता प्यायला हवं. आज आपली बहुतेक गावं नळाचं, बोअरचं पाणी पितात. 1996 नंतर इथे एकही रुग्ण नाही. म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. पण आपल्याला वाचवलं ते कुठल्या औषधाने नाही, पाण्याच्या व्यवस्थेने, हे विसरू नका. ज्या वस्तीत आजही डबक्याचं पाणी प्यावं लागतं, तिथे नारू नसला तरी बाकीचे पाहुणे आहेतच.

दुसरा प्रश्न एका मुलीचा होता: मग सरळ ती कुत्री मारून का टाकत नाहीत? स्पष्ट विचारलंस ते बरं केलंस, कारण आपल्याकडेही कुत्र्यांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला चर्चा तिथेच जाते. एक उत्तर माणुसकीचं आहे, ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं उत्तर व्यवहाराचं आहे. कुत्र्याला जंत निघाला हे कळवणारा त्याचा मालकच असतो. कळवल्यावर कुत्रं मारणार असतील, तर कोण कळवेल? लोक कुत्रं लपवतील, नोंदी कमी होतील, ग्राफ छान खाली येईल आणि जंत तळ्यात आपला आरामात. ही सगळी मोहीम माहितीवर चालते, आणि माहिती देणाऱ्याला शिक्षा झाली की ती बंद होते. हे तुमच्या ऑफिसमध्येही खरं आहे, पण तो वेगळा भाग होईल.

मला या गोष्टीतून काय घेण्यासारखं वाटलं ते सांगते आणि थांबते. आपण आरोग्याचे आकडे माणसांचे ठेवतो. गुरांचे आकडे वेगळ्या खात्यात, कुत्र्या-मांजरांचे बहुतेक कुठेच नाहीत, जंगलातल्या प्राण्यांचे वनखात्याकडे. जंताला ही खाती माहीत नसतात. त्याला फक्त तळं, मासा, कुत्रं आणि पाय माहीत. चाडमध्ये दहा वर्षं शून्य लिहिलं गेलं, आणि ते खोटं लिहिलेलं नव्हतं. फक्त ते माणसांचं शून्य होतं.

आणि हे कोड्यातलं कुलूप कसं उघडलं, तर कोणीतरी नदीकाठी जाऊन मालकाला विचारलं, तुझ्या कुत्र्याच्या पायाला काय झालंय? तो म्हणाला, हे तर नेहमीचंच आहे. त्याला माहीत होतं, त्याला कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून आज तुम्हाला एक काम देते. घरी आजी-आजोबा असतील, किंवा गावाकडे कोणी सत्तरीच्या पुढचं असेल, तर त्यांना फोन करून विचारा: नारू माहीत आहे का? कोणाला झाला होता? काय करायचे तेव्हा? पाणी कुठून आणायचे? आणि जमलं तर तेव्हाच्या कुत्र्यांबद्दलही विचारा. त्यांची परवानगी घेऊन व्हॉइस नोट रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. माझ्या आजोबांचं मी रेकॉर्ड केलेलं नाही, ते आता नाहीत. ज्यांनी हा रोग अंगावर काढला ती शेवटची पिढी आपल्यासोबत आहे, तोवर हे गोळा होऊ शकतं. पुरेशा नोट्स आल्या तर त्यांचाच एक भाग करू, माझी बडबड कमी आणि त्यांचा आवाज जास्त.

घरी कुत्रं-मांजर असेल तर त्याच्या जंताच्या औषधाची तारीख व्हेटला विचारून कॅलेंडरमध्ये टाका, आणि कच्ची मासळी किंवा त्यातली घाण त्याला घालू नका. आपल्याकडे नारू नाही, पण बाकीचे जंत आहेत.

चला, भेटू पुढच्या भागात. पाणी प्या. गाळलेलं.